घड्याळ उघडलं कुणी?

सत्काराला उत्तर देताना माणसं आपल्याला घडवणाऱ्यांची नावं घेतात. आई-वडील, गुरुजन, पत्नी. पत्नी पहिल्या रांगेत बसली असेल तर दोनदा. माझा सत्कार कुणी करेल अशी चिन्हं नाहीत, पण ऐनवेळी धांदल नको म्हणून यादी करायला बसलो. पहिलंच नाव आलं वसंतदादा पाटलांचं.

दादांची-माझी कधी गाठ पडली नाही. पण मुख्यमंत्री असताना १९८३ साली त्यांनी विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि आमच्यासारख्यांचा आडोसाच गेला. तोवर 'मार्क कमी पडले हो' म्हटलं की सुटका व्हायची. पुढच्याच वर्षी मी बारावी झालो. प्राथमिक शिक्षक असलेल्या वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढलं आणि एका माळावरच्या, गिलावा व्हायचा असलेल्या कॉलेजात मला नेऊन सोडलं. दादांनी स्वतः १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडून तटावरून उडी टाकली होती, खांद्यात गोळी घेतली होती. कोंडलेल्या माणसाच्या जिवाचं काय होतं हे त्यांना माहीत होतं. तरीही!

आमच्या घरात आणखी एक दादा होते. आईचे दादा, म्हणजे माझे मामा. मी आठ वर्षांचा असताना घरातलं गजराचं घड्याळ उघडून पडलेलं आणि माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, हे दृश्य त्यांनी दारातून पाहिलं आणि चपला काढायच्या आत जाहीर केलं, "अगं, हा इंजिनियर होणार!" आईनं लगेच चहात साखर वाढवली.

घड्याळ उघडलं होतं माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं. मी फक्त 'धर रे' म्हटल्यावर स्क्रू-ड्रायव्हर धरला होता. ती तेव्हा घरंगळलेला स्क्रू शोधायला कपाटाखाली शिरलेली असल्यामुळे मामांना दिसली नाही. पुढे तिला डी.एड.ला घातलं.

कॉलेजात पहिल्या वर्षी फिटिंगचं वर्कशॉप. लोखंडाचा एक तुकडा देत आणि कानस मारून मारून त्याच्या कडा काटकोनात आणायला लावत. त्या कानशीच्या एका जातीला अधिकृतपणे 'बास्टर्ड' म्हणतात. सुट्टीत वडिलांनी हौसेनं अवजारांची नावं विचारली तेव्हा तेवढी एक मी गाळली. आमचे वर्कशॉपचे सर जॉब उजेडात तपासत. कडेला गुण्या लावायचे, दोन्ही खिडकीसमोर धरायचे आणि एक डोळा मिटायचे. फटीतून उजेड दिसता कामा नये. माझा जॉब धरला आणि त्यांनी मिटलेला डोळाही उघडला. "अरे, इथून एसटी जाईल!"

मग त्यांनी माझं जर्नल चाळलं. त्यात तुकडा व्हाइसमध्ये कसा आवळावा, कानस पुढे ढकलताना दाब द्यावा नि मागे घेताना का देऊ नये, हे सगळं असं लिहिलेलं की वाचणाऱ्याला कानस मारावीशी वाटावी. जॉब आणि जर्नल एकाच माणसाचं आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. शेवटी म्हणाले, "तू कानशीला हात लावू नकोस. भिंतीवरच्या सूचना लिही." त्यांना माझं भवितव्य घडवायचं नव्हतं, कानशी वाचवायच्या होत्या. पण चार वर्षांत मी सूचना लिहिल्या आणि वर्गातल्या निम्म्या पोरांची जर्नलं. दर एका जर्नलला एक वडापाव, आकृतीसकट असेल तर वर चहा.

आज मी त्याचंच खातो. मिक्सर, पंप, गिझर घेतल्यावर खोक्यातून जी पुस्तिका निघते आणि जी न वाचता तुम्ही ड्रॉवरमध्ये टाकता, ती मी लिहितो. उभ्या महाराष्ट्रात माझी एकच वाचक आहे, आणि ती ताई. गेल्या वर्षी तिचा फोन आला. "पान अकरा. कपलर काढायला डावीकडे फिरवा असं लिहिलंयस. अरे, मिक्सरच्या कपलरला उलटे आटे असतात! डावीकडे फिरवला तर आणखी आवळेल." मी म्हटलं, छपाईची चूक. ती म्हणाली, "हो का?" आणि पान चौदाकडे वळली.

दुरुस्त आवृत्ती निघाली तेव्हा एक प्रत मामांना द्यायला आम्ही दोघं गेलो. मामा आता नव्वदीला टेकलेत. पुस्तिकेवर हात फिरवून मामींना म्हणाले, "बघ, घड्याळापासून सांगत होतो." त्यांचा टेबलफॅन बंद पडला होता. ताईनं तो एव्हाना जमिनीवर घेऊन उघडला होता आणि एक स्क्रू सोफ्याखाली गेला म्हणून तीही खाली शिरली होती.

मी शेजारीच उभा होतो, स्क्रू-ड्रायव्हर धरून.