चेअरमनसाहेबांचा भाचा आणि दहा कॉम्प्युटर

"तीन कोटेशनं आली म्हणे तुमच्या पतसंस्थेत, आणि तिन्ही एकाच दुकानातली?" ताईंनी चादर पिळता पिळता कंपाउंडपलीकडून विचारलं.

मंडळाच्या बैठकीतले चहाचे कप अजून धुतले गेले नसतील, आणि बातमी इथवर आलीसुद्धा. मी नाही म्हणायच्या भानगडीत पडले नाही. लेटरहेडं तीन वेगळी होती हे खरं. पण 'मॉनिटर'चं स्पेलिंग तिन्हींत एकाच जागी चुकलेलं, आणि सगळ्यात वरच्या न् सगळ्यात खालच्या आकड्यात फरक अवघा 350 रुपयांचा. खालचा आकडा अर्थातच चेअरमनसाहेबांच्या भाच्याचा.

"मग दुसरं चुलतभावाचं आणि तिसरं मेहुण्याचं," ताईंनी हिशेब पुरा केला. "शाळेला पंखे घेतले तेव्हाही हेच त्रिकूट होतं. पंखे फिरतात का ते विचारा."

तेवढ्यात भाऊजी बनियनवर बाहेर आले. हा माणूस उभी हयात बँकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत जिल्हाभर फिरलेला. आता घरच्याच पडवीत टेबल टाकलंय, पण कान तेच. "वहिनी, भाच्याचं सोडा. घ्यायचे कशाला निघालेत एवढे दहा? जुने चालतायत की."

चालतायत, पण लेखापरीक्षकांनी शेरा मारलाय. मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा पाठिंबा थांबवला, आणि आमची झाडून सगळी मशीनं विंडोज 10 वर. पैसे भरून मुदत वाढवता येते म्हणून मी मंडळापुढे तेही मांडलं होतं: संस्थांना पहिल्या वर्षाला एका मशीनमागे 61 डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, आणि तीन वर्षांनंतर तेही नाही. एका संचालकांनी तिथंच डॉलरचा भाव मोबाइलवर बघितला आणि विषय मिटला.

"बरोबर केलं," भाऊजी म्हणाले. "भाड्याच्या घराला मजला चढवण्यातला प्रकार तो. मग भाच्यानं कंपनी कुठली दिलीय?"

"ब्रँडेड. एवढंच लिहिलंय. तोंडी म्हणाला, नावाजलेलीच देतो, मावशी, तुम्ही निर्धास्त राहा."

"म्हणजे गोदामात पडून असेल ती," ताई म्हणाल्या.

भाऊजींना कंपन्यांवर बोलायला लावणं म्हणजे गावातल्या जुन्या माणसाला भावकी विचारणं. डेल म्हणजे मायकेल डेल. पोरगा टेक्सासच्या विद्यापीठात शिकत होता, 1984 मध्ये वसतिगृहाच्या खोलीत 1,000 डॉलरवर धंदा मांडला. एचपी जुनी, 1939 ची, गॅरेजातली. 2002 मध्ये तिनं कॉम्पॅक घेतली आणि पुढं कॉम्पॅकचं नावही मागं पडलं. 2015 मध्ये तर खुद्द एचपीच दोन झाली, पीसी आणि प्रिंटर एकीकडे, सर्व्हर दुसरीकडे. आयबीएमनं अख्खा पीसीचा धंदा 2005 मध्ये चीनच्या लेनोव्होला विकला, म्हणून थिंकसेंटर हे नाव अजून आयबीएमच्या वळणाचं. एसर तैवानची, 1976 ची, तेव्हा मल्टिटेक म्हणायचे. तिच्यातलेच चार इंजिनिअर बाहेर पडले आणि 1989 मध्ये त्यांनी असूस काढली.

"आणि आपले? ते एचसीएलचे काळे डबे असायचे ना बँकेत?"

"एचसीएल होतं, विप्रो होतं, मुंबईचं झेनिथ होतं. सगळ्यांची मशीनं मी उघडलीत. विप्रोनं 2013 मध्ये सांगून टाकलं, आता पीसी बनवत नाही. आता इथं जोडणी होते ती परक्यांच्या नावानं. लेनोव्हो न् एसरचा कारखाना पुदुच्चेरीत, डेलचा चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला."

मी म्हटलं, ही वंशावळ मंडळापुढे वाचून दाखवू का? कुठली घेऊ ते सांगा.

"कुठलीही घ्या."

ताईंनी कपाळाला हात लावला. पण भाऊजींचं म्हणणं नंतर मला पटत गेलं. त्यांच्या मते या पाच नावांत भांडण नाहीच. भांडण आहे ते एकाच कंपनीच्या दोन मालांत. घरी वापरायचा माल वेगळा आणि ऑफिसचा वेगळा, नाव मात्र एकच. लेनोव्होचं आयडियासेंटर घराचं, थिंकसेंटर ऑफिसचं. एसरचं अस्पायर घराचं, व्हेरिटॉन ऑफिसचं. एचपीत 'प्रो' बघायचं. डेलचं ऑप्टिप्लेक्स वर्षानुवर्षं ऑफिसचं म्हणून ठाऊक होतं, 2025 पासून त्यांनी नावं बदलून 'डेल प्रो' केलीत. ऑफिसच्या मालाचं मॉडेल बाजारात जास्त दिवस टिकतं, दहा घेतले तर दहाही आतून सारखे निघतात, पुढच्या वर्षी अकरावा घ्यायचा झाला तर तोच मिळायची आशा असते. घरच्या मालात सणाच्या ऑफरबरोबर आतला बोर्डही बदलतो.

"आणि तो दुकानात सांगतात तो आय-फाइव्ह?" मी विचारलं. कारण भाच्यानं एक 'स्वस्तातला पर्याय'ही दिला होता: पुण्याच्या आयटी कंपनीतून निघालेली मशीनं, आय-फाइव्ह, निम्म्याहून कमी पैशांत. दोन संचालक तिकडे झुकले होते.

"आय-फाइव्ह कितवा? नंबर आहे का?"

कोटेशनाची झेरॉक्स पिशवीतच होती. मी कंपाउंडवर पसरली. आय-फाइव्ह 4570.

भाऊजी हसले, पण आवाज न करता. ते हसतात तेव्हा समजावं की प्रकरण गंभीर आहे. "हा चार बघा पहिला. चौथी पिढी. 2013 चा माल. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी लागते, म्हणजे 2017 च्या शेवटाकडची किंवा नंतरची. शिवाय टीपीएम 2.0. आत्ता ज्या कारणासाठी दहा बदलताय, त्याच कारणानं हे दहा घरात आल्या दिवसापासून बाद. उलट बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री, 12100, याला सहज मागं टाकतो."

"पण आय-फाइव्ह म्हणजे आय-थ्रीपेक्षा मोठा ना?" ताई म्हणाल्या.

"मोठा, पण आजोबा."

जुनी मशीनं घ्यायला त्यांची सरसकट ना नव्हती. आठव्या पिढीच्या पुढची, एसएसडी टाकलेली, आणि गावातला कुणी वर्षभर जबाबदारी घेत असेल तर घ्या म्हणाले. असेंबल्डलाही नाक मुरडलं नाही. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेली मशीनं त्यांनी एका काळी पोत्यानं विकलीत. मग आत गेले आणि दोन एसएमपीएस घेऊन आले, कंपाउंडवर शेजारी शेजारी ठेवले.

एक नेहमीचा, चौकोनी, रुंद कनेक्टरवाला. मी पिना मोजल्या: 24. दुसरा लांबट, अरुंद, आणि त्याच्या वायरीच्या टोकाला इवलासा कनेक्टर. "हा पहिला असेंबल्डचा. कुठल्याही दुकानात, कुठल्याही बोर्डाला. वीज कडाडली, उडाला, तासाभरात दुसरा. हा दुसरा एका मोठ्या कंपनीच्या छोट्या सीपीयूतला. फक्त त्याच मॉडेलला बसतो. यातून 12 व्होल्टच येतात, बाकीचे 5 न् 3.3 बोर्ड स्वतः करून घेतो. वीज कमी खातो, ते खरं. पण वॉरंटी संपल्यावर उडाला तर बाजार पालथा घाला." एका पतसंस्थेचं कॅशचं मशीन असल्याच भागासाठी आठवडाभर बंद होतं, आणि कॅशिअर हातानं पावत्या फाडत बसला होता, हेही त्यांनी सांगितलं. कुठल्या पतसंस्थेचं ते ताईंना लगेच कळलं. मला नंतर कळलं.

"म्हणून म्हणतो, कंपनी मोठी का छोटी ते नंतर. आधी विचारा, वॉरंटी किती वर्षं आणि माणूस कुठून येणार. तीन वर्षं ऑनसाइट घ्या, एक वर्षावर भागवू नका. 'नेक्स्ट बिझनेस डे' असं कागदावर असतं. तो डे सांगलीचा का आपल्या गावाचा, ते आपला पिनकोड देऊन लेखी मागा. दुकानदाराकडून नव्हे, कंपनीकडून. आणि माल आला की प्रत्येक डब्याचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, वॉरंटी कधीपासून धरलीय ते. डीलरकडं चार महिने पडलेलं मशीन असेल तर तुमचे चार महिने तिथंच गेलेले असतात. बिल पाठवून तारीख दुरुस्त करून घेता येते, पण बघतो कोण?"

मी झेरॉक्सच्या मागच्या बाजूला लिहून घेत होते. ताईंना कंटाळा आला असावा, कारण त्यांनी मध्येच विचारलं, "आणि तो काउंटरवर ठेवायचा चपटा टीव्हीसारखा कॉम्प्युटर? तो नाही का घेणार?"

त्याचा आग्रह उपाध्यक्षांचा. ऑल-इन-वन, समोर एक, शोभेला. भाऊजींनी तो दोन वाक्यांत निकालात काढला: पडदा गेला की कॉम्प्युटर गेला, कॉम्प्युटर गेला की पडदा गेला. शोभेला पितळेची समई ठेवा.

मग त्यांनी जे विचारलं, ते तिन्ही कोटेशनांत नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात नव्हतं. "पिग्मीचा हिशेब अजून त्या जुन्या प्रोग्रॅमवरच करता ना? काळा पडदा, पांढरी अक्षरं?"

करतो. पिग्मी एजंटांची वही त्यातच जुळते. प्रोग्रॅम लिहिणारा गृहस्थ केव्हाच पुण्याला गेला, पण प्रोग्रॅम एकदाही अडला नाही.

"तो डॉसचा. विंडोज 10 ची 32 बिटवाली आवृत्ती होती, तीवर तो चालत आला. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्येच येतं. 64 बिट विंडोज असले 16 बिटचे प्रोग्रॅम उघडतच नाही. आणि पासबुकाचा डॉट मॅट्रिक्स कुठं लावणार? त्याची ती जाड, स्क्रू पिळायची पॅरलल केबल लावायला नव्या मशीनला भोकच नाही. यूएसबीवरून पॅरलल करणारी वायर मिळते, भाचा तीच देईल. पण डॉसचा प्रोग्रॅम सरळ एलपीटी-वनवर छापायला जातो, त्याला ती वायर दिसतच नाही. जुगाड आहेत. पण ते जुगाड मार्चअखेरीला करत बसणार का?"

माझ्या पोटात गोळाच आला. दहा नवे कॉम्प्युटर आणि पिग्मी बंद, म्हणजे सायंकाळी सगळे एजंट माझ्या टेबलाभोवती. भाऊजींनी उपाय सांगितला तोही साधा: एक जुनं मशीन इंटरनेटची वायर काढून पिग्मीपुरतं तसंच ठेवा, आणि वर्षभरात हिशेब नव्या सॉफ्टवेअरवर न्या. म्हणजे दहा नव्हे, नऊच घ्यायचे. उरलेल्या पैशांत प्रत्येकाला चांगला यूपीएस, आणि कॅशच्या मुलीला टीव्हीएस गोल्डचा कीबोर्ड. तो खटखट वाजणारा. आमच्याकडं जुना एक आहे आणि त्याच्यावरून रोज भांडणं होतात, हे भाऊजींना कुणी सांगितलं देव जाणे. म्हणजे ताईंनी.

"आणखी दोन गोष्टी," ते म्हणाले. "कोटेशनात 'जीएसटी एक्स्ट्रा' लिहिलंय बघा खाली बारीक. व्यापाऱ्याला तो 18 टक्के वळता करून मिळतो. तुमचं उत्पन्न बहुतेक कर्जाच्या व्याजाचं, व्याजावर जीएसटी नाही, त्यामुळं वळतं करायला काही नाही. तो खर्च म्हणूनच धरा. दुसरं, विंडोज आहे का 'डॉस' लिहिलंय? डॉस म्हणजे विंडोजशिवाय. मग भाचा पेनड्राइव्हवरून फुकटची टाकून देतो, आणि लेखापरीक्षक पुढच्या वर्षी तिचं लायसन्स मागतात."

बघितलं. तिन्हींत डॉस.

ताईंना आता रंग चढला. "म्हणजे भाच्याचं कोटेशन फेटाळणार तुम्ही?"

मी काय फेटाळणार, मी नोकर. पण आता काय मागायचं ते कागदावर स्पष्ट लिहून नव्यानं कोटेशनं मागवायची, असा विषय पुढच्या बैठकीत ठेवीन. मालिका कुठली, पिढी कितवी, एसएसडी किती, विंडोज प्रो मूळ लायसन्ससह, तीन वर्षं ऑनसाइट. तेवढं लिहिलं की भाच्यानं भरलं काय आणि सांगलीच्या दुकानानं भरलं काय, मला सारखंच. रॅमचे भाव चढलेत, उशीर केला तर महागात जाईल, अशी घाई चेअरमनसाहेब करणार, हे मात्र नक्की. भाव चढलेत हे खोटंही नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी चिपा ओढल्यात असं भाऊजीच म्हणाले. सध्या 8 जीबीची एकच पट्टी घ्या, दुसरा स्लॉट रिकामा ठेवा, उतरले की घाला.

"जुन्या नऊ मशीनांचं काय ठरलंय?"

"भाचा नेतोय. 500 रुपयाला एक. भंगाराच्या भावापेक्षा बरे देतोय म्हणे."

भाऊजींनी एसएमपीएस उचलता उचलता खाली ठेवला. "हार्ड डिस्का काढून?"

मी गप्प.

"वहिनी, गावातल्या निम्म्या लोकांची आधारकार्डं, सह्या, कुणाची किती ठेव, कुणाचं किती कर्ज, सगळं त्या डिस्कांत आहे. नुसतं डिलीट करून ते जात नाही. एकेक डिस्क काढा, भोकं पाडा, मग डबा कुणालाही द्या. नव्या मशीनांनाही तेच. वॉरंटीत डिस्क बिघडली की बिघडलेली कंपनी घेऊन जाते. ती आपल्याकडंच ठेवायची सोय असते, थोडे जादा पैसे पडतात. डेल, एचपी, लेनोव्हो, तिघांकडंही आहे. मागून घ्या."

"सगळ्यांची ठेव दिसते त्यात?" ताईंनी जरा घाईनंच विचारलं. "नावानिशी?"

"नावानिशी, रकमेनिशी, वारसासकट."

"मग आधी त्याच काढा बाई," ताई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "पाच वर्षांची मुदत अजून संपायचीय."

भाऊजींनी मान वर केली. "कुणाची मुदत?"