वळणाऱ्या विकेटवर कोणाला पाठवावं?

ज्याला अकरा जण निवडायचे आहेत आणि ज्याच्याकडे एकूण तेराच जण आहेत, अशा नवशिक्या कॅप्टनसाठी हे मार्गदर्शन. विक्रोळीत, कन्नमवार नगर असो की पार्कसाईट, बारा महिने टेनिस बॉल चालतो. मग कधीतरी कुणाच्या तरी ओळखीने सीझन बॉलची मॅच ठरते. विकेट भुसभुशीत निघते आणि समोरच्या टीममध्ये एक पोट सुटलेले काका असतात. ते चार पावलं चालत येऊन बॉल टाकतात. त्यांना हसू नका.

आधी विकेट ओळखा. लाल माती, वरून कोरडी, भेगांच्या कडा सुटलेल्या, बॉल पडला की धुरळा. अशा विकेटवर तुमचा हिरो, म्हणजे गच्चीवर बॉल घालवून वर स्वतःच हसणारा, त्याला सातव्या नंबरवर ठेवा. तो रुसेल. रुसू द्या. टेनिस बॉल टप्पा पडून फुगतो आणि मारायला वेळ देतो. सीझन बॉल शिवणीवर पडला की वळतो आणि कधी वळतच नाही. हा न वळणाराच जास्त माणसं खातो. 2017 मध्ये पुण्यात ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत प्रत्येकी 35 धावांत 6 बळी घेतले, भारत 105 आणि 107 वर आटोपला. कितीतरी बळी सरळ आलेल्या बॉलचे होते. 2024 ला त्याच पुण्यात न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने विराट कोहलीचा त्रिफळा चक्क फुलटॉसवर उडवला. फुलटॉसला टप्पाच नाही, तर वळणार कुठून? पण वळणाची भीती तोवर डोक्यात शिरलेली असते.

आता पायांची परीक्षा. पूर्वी ही विक्रोळीच्या फाटकावर फुकट व्हायची. गाडीचा भोंगा ऐकून काही जण मागे सरायचे, काही जण झटकन पलीकडे जायचे आणि काही जण एक पाय पुढे टाकून तिथेच विचार करत उभे राहायचे. हे तिसरे लोक टीममध्ये घेऊ नयेत. 2025 च्या जूनमध्ये पूर्व-पश्चिम जोडणारा पूल सुरू झाला. लोकांची सोय झाली, निवड समितीची गैरसोय. हल्ली एलबीएस मार्ग ओलांडताना पाहावं लागतं. फिरकीला एक तर टप्प्यापर्यंत पूर्ण पुढे जायचं किंवा पूर्ण मागे जाऊन वळलेला बॉल उशिरा खेळायचा. मधल्या अर्ध्या पावलात शॉर्ट लेगचा कॅच असतो. मी स्वतः त्या काकांच्या पहिल्याच बॉलला अर्धा पुढे गेलो होतो. शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या पोराच्या हातात वडापाव होता. कॅच त्याने दुसऱ्या हाताने घेतला.

मग हातांची परीक्षा. उमेदवाराला टपरीवर न्या आणि कडक गरम कटिंग हातात द्या. ग्लास घट्ट आवळणारा नको. दोन बोटांत सैल धरून, न सांडता, शेवटपर्यंत गप्पा मारणारा घ्या. सैल हातांनी खेळलेला बॉल बॅटला लागून पायाशी मरतो, आवळलेल्या हातांनी खेळलेला सिली पॉइंटकडे उडतो. याचा थोर नमुना म्हणजे 1987 चं बंगळुरू. पाकिस्तानचे इक्बाल कासीम आणि तौसिफ अहमद बॉल हातभर वळवत होते आणि सुनील गावसकर शेवटच्या कसोटीत 96 पर्यंत गेले. भारत 16 धावांनी हरला, पण ती खेळी अजून सांगितली जाते.

गावसकरांचाच दुसरा किस्सा तुमच्या उमेदवारांना ऐकवा. 1981-82 च्या रणजी उपांत्य सामन्यात, बंगळुरूलाच, कर्नाटकचा डावखुरा फिरकीपटू रघुराम भट बॉल बाहेर काढत होता, म्हणून मुंबईचे गावसकर सरळ डावखुरे होऊन उभे राहिले आणि नाबाद राहिले. ऐकून जो म्हणेल ‘मी पण करतो’, त्याला वगळा. जो विचारेल ‘का केलं?’, त्याला घ्या.

स्वीपवाल्याबद्दल माझं मत थोडं कडू आहे. सोसायटी क्रिकेटमध्ये स्वीप म्हणजे डोळे मिटून गुडघ्यावर बसणं. पण ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू हेडन 2001 ला भारतात तयारी करून आला होता आणि त्याने तीन कसोटींत 549 धावा केल्या, बऱ्याचशा झाडू मारून. तेव्हा विचारा, ‘नेटमध्ये किती वेळा मारलास?’ उत्तरात ‘येतो मला’ आलं, तर वॉटरबॉय.

वानखेडेवर नोव्हेंबर 2024 मध्ये काय झालं तेही लक्षात ठेवा. न्यूझीलंडविरुद्ध 147 हव्या होत्या, भारत 5 बाद 29. एकटा ऋषभ पंत पुढे येऊन, मागे जाऊन 64 करून गेला, बाकीचे अर्ध्या पावलात अडकले. 25 धावांनी हार. सामन्यात 11 बळी घेणारा एजाझ पटेल जन्माने मुंबईकर, आठ वर्षांचा असताना न्यूझीलंडला गेलेला. आपलीच माती, आपलाच पोरगा.

इतकं करून अकरा जण निवडले की एक काम उरतं. टॉस जिंका आणि आधी बॅटिंग घ्या. वानखेडेच्या त्या कसोटीत टॉस न्यूझीलंडने जिंकला होता, आणि त्यांनी तेच केलं होतं.