सोनाबाई आणि साडेसहा हजार व्होल्ट

हॅमिल्टन, न्यूझीलंड
14 जुलै

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

पत्राला उशीर झाला, कारण सोनाबाई. ही आमची शेळी. गेल्या महिन्यात तिने शेजारच्या आजोबांचे गुलाब तिसऱ्यांदा खाल्ले. चौथ्या वेळी ते तिलाच खातील, म्हणून विजेचं कुंपण घ्यायचं ठरलं. तिचं कुरण घरापासून लांब, तिथे वीज नाही, म्हणून सौर.

याच गावात 1930च्या दशकात बिल गॅलघर यांचा घोडा त्यांच्या मोटारीला अंग घासायचा. त्याला आवरायला त्यांनी मोटारीत झटका सोडला आणि त्यातूनच कुंपणांचा केवढा तरी धंदा उभा राहिला. अशा गावात राहून एक शेळी आवरत नाही, ही तुमच्या जावयांना नामुष्की वाटली.

त्यांनी चार रात्री जागून अभ्यास केला. तारेत झटका सोडणाऱ्या मशीनची ताकद ज्यूलमध्ये मोजतात. पण साठवलेले ज्यूल वेगळे, तारेत उतरणारे वेगळे आणि कमी. आई, डब्यातलं तूप आणि पोळीवरचं तूप, तसंच. दुकानातल्या बाईंनी दोनच गोष्टी विचारल्या: तार किती लांब, जनावर कोणतं? "शेळी" म्हटल्यावर त्यांनी आमची कीव केली आणि चार पदरी तार काढून दिली. शांत गाईला नाकाच्या उंचीवर एक तारही पुरते. शेळी खालून सरपटते, मधून शिरते.

पॅनेल जावयांनी दक्षिणेकडे तोंड करून लावलं, आपल्या घरच्या सोलर बंबासारखं. इथे सूर्य उत्तरेकडून जातो! त्यात हिवाळा, ढग. चौथ्या दिवशी बॅटरी बसली, सोनाबाई उठली.

पॅनेलचं तोंड फिरवलं, तरी टेस्टरवर जेमतेम दोन हजार व्होल्ट. शेळीला चार हजार तरी हवेत. दोन-दोन मीटरच्या तीन सळया जमिनीत ठोकायच्या होत्या; जावयांनी एक ठोकली आणि कंबर धरली. झटका तारेतून जनावरात, तिथून जमिनीत आणि सळईतून मशीनला परत जातो. परतीची वाटच धड नाही, तर शेळीला काय कळणार? उरलेल्या दोन मी ठोकल्या, तारेला टेकलेलं गवत कापलं. टेस्टरने साडेसहा हजार दाखवले. जावयांचा विश्वास बसेना. हात लावून पाहिला. बसला.

सोनाबाईने एकदाच नाक लावलं. आता तारेपासून दोन हात लांब बसून, गुलाबांकडे बघत रवंथ करते.

बाबा, आता तुमचं. डुकरांसाठी भाताभोवती घरातून थेट तार सोडणार म्हणालात, ते मुळीच करू नका. जावई साडेसहा हजार व्होल्ट खाऊन चहाला आले, कारण मशीनचा ठोका सेकंदाला साधारण एकदा, तोही हजारांश सेकंदाहून कमी वेळ. घरची वीज 230 व्होल्टचीच, पण सलग वाहते, धरलं की सोडत नाही. डुकराआधी माणूस जातो, आणि तो गुन्हाही आहे. तालुक्याला झटका मशीन मिळतं, तेच आणा. पैसे मी पाठवते. सळया तीन ठोका, आणि भात कापल्यावर वाल-कुळथासाठी कुंपण ठेवलंत तर सळयांभोवती रोज कळशीभर पाणी ओता. कोरड्या जमिनीत झटका नीट लागत नाही.

तुमची,
शुभा