मोजलंय मी!

आमच्या सोसायटीतल्या नानांना ‘कसे आहात?’ असं विचारलं की ते ‘त्र्याऐंशी’ म्हणतात. हे वय नव्हे, सकाळचा डाउनलोड. अपलोड आणि पिंग तुम्ही विचारायची वाट ते बघत नाहीत.

बँकेत आयुष्यभर रोकड जुळवली, आता एमबीपीएस जुळवतात. दोनशे पानी वहीत तारीख, वेळ, वेग असे रकाने आखलेत. शेवटचा रकाना शेऱ्याचा: ‘पाऊस’, ‘आयपीएल’, ‘शेजारी पाहुणे’. कुणी शंका काढली की एकच उत्तर, ‘मोजलंय मी!’

अभ्यास जुना आहे. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड यायचं, तेव्हा वेगाचा अंदाज एक्स्चेंजपासूनच्या तारेच्या लांबीवरून बांधत. तार लांब, तर सिग्नल क्षीण. नाना एक्स्चेंजपर्यंत पावलं मोजत गेले. तार रस्त्यानं सरळ येत नाही हे लाइनमननं सांगितल्यावर त्याच्यासोबत पुन्हा गेले, खांब मोजत.

‘आता फायबर. अंतराचा प्रश्न मिटला, वाटेकऱ्यांचा आला,’ ते समजावतात. ‘जीपॉनची अडीच गिगाबिटची एक फायबर 32 घरांत वाटली, तर वाट्याला येतात जेमतेम 78. तरी कंपनी प्रत्येकाला शंभर सांगते. चारशे पत्रिका वाटून तीनशे पानांचा स्वयंपाक करतात ना, तसं. रात्री नऊला सगळं वऱ्हाड एकाच पंगतीला बसलं की बोंब!’

तक्रार केल्यावर कंपनीचा पोरगा येतो. ‘काका, वायफायवर नका मोजू, केबल लावा.’ नाना दिवाणाखालून केबल काढतात. आकडा 99 येतो. ‘तुमच्याच सर्व्हरवर मोजलंस ना? चेन्नईचा निवड.’ मग वाद, मग चहा, मग चकली. त्या पोराच्या बहिणीचे बारावीचे मार्कसुद्धा नानांना पाठ आहेत.

नाना मोजायला बसले की सुनेची ऑफिसची मीटिंग अडकते. शंभरच्या लाइनवर दहा सेकंदांची एक चाचणी सव्वाशे एमबी खाते आणि तेवढा वेळ लाइन तुडुंब भरते. ‘बाबा, बंद करा ना ते!’ ती ओरडते. ‘बघ, तुलाही जाणवलं!’ म्हणत नाना शेरा लिहितात.

एवढा वेग त्यांना लागतो कशाला? सुप्रभातचं कमळ पाठवायला. 2023 पासून दूरसंचार विभागाच्या व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान 2 एमबीपीएस. नानांना तेवढ्यात कमळांचं तळं पाठवता येईल.

तरीही, आमच्याकडे राहायला आलात तर कंपनीचा आकडा ऐकून घ्या आणि रात्री नऊचा आकडा नानांना विचारा. फक्त सवड काढून जा. ते वही पहिल्या पानापासून दाखवतात.