पुढचं प्रकरण दोनच पानांचं आहे

डॅन ब्राऊनच्या ‘एंजल्स अँड डेमन्स’मध्ये 137 प्रकरणं आहेत आणि त्यातली बरीचशी बोटभर लांबीची. रात्री आपण ठरवतो, एवढं प्रकरण संपवू आणि दिवा मालवू. पण प्रकरण संपतं तेव्हा कुणीतरी दार उघडलेलं असतं, आत पाहिलेलं असतं आणि पाहणाऱ्याचे डोळे विस्फारलेले असतात. आत काय होतं ते पुढच्या प्रकरणात. ते चाळून बघावं तर दोनच पानांचं! असे पहाटेचे तीन वाजतात.

गोष्ट थोडक्यात अशी. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतून पाव ग्रॅम प्रतिद्रव्य चोरीला जातं आणि व्हॅटिकनमध्ये कुठेतरी दडवलं जातं. ते ज्या डबीत आहे तिची बॅटरी 24 तासांची; मध्यरात्री ती संपली की सगळं भस्म. नेमके त्याच दिवशी नवा पोप निवडायला कार्डिनल जमलेले. त्यातले चार पळवलेले, आणि रात्री आठपासून तासाला एक या हिशेबाने त्यांचे मुडदे पडणार. यामागे कोण, तर गॅलिलिओच्या काळापासून चर्चवर दात धरून बसलेली इल्युमिनाटी ही गुप्त संघटना. वाचवणार कोण, तर हार्वर्डचा प्राध्यापक रॉबर्ट लँग्डन. मनगटावर मिकी माऊसचं घड्याळ. हा गृहस्थ जीव मुठीत धरून रोमभर पळतो, पण पळतानाही बर्निनीच्या शिल्पांवरचं व्याख्यान सोडत नाही. उन्हाळी सुट्टी तोंडावर आलीय आणि पोर्शन राहिलाय, अशा थाटात.

इथवर माझी काही तक्रार नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर पोसलेल्या माणसाने असल्या गोष्टींना नाकं मुरडू नयेत. पण अर्नाळकरांनी कधी पहिल्या पानावर शपथेवर सांगितलं नाही की यातलं सगळं खरं आहे. ब्राऊन सांगतो. रोममधली शिल्पं, थडगी, भुयारं, सगळं खरं, इल्युमिनाटीही खरी. हे वाचलं आणि मी पेन्सिल शोधायला उठलो.

इल्युमिनाटी होती, हे खरंच. पण ती ॲडम वाईसहाउप्ट या कायद्याच्या प्राध्यापकाने बव्हेरियात काढली, 1 मे 1776 रोजी. गॅलिलिओ वारला 1642 साली. दहा वर्षं होतात न होतात तोच तिथल्या शासकाने बंदी घालून दुकान बंद केलं. याहून सुरस प्रकार संत तेरेसाच्या शिल्पाचा. ब्राऊन म्हणतो, हे शिल्प फारच शृंगारिक आहे म्हणून पोप आठवा अर्बन याने ते व्हॅटिकनबाहेर घालवलं. आता हा पोप निवर्तला 1644 मध्ये आणि बर्निनीने शिल्प हाती घेतलं 1647 च्या सुमारास. मेल्यावर तीन वर्षांनी नापसंती कळवणारा पोप! एवढा मोठा चमत्कार हाताशी असताना ब्राऊनने त्याचा रहस्यासाठी उपयोग केला नाही, याचंच मला नवल वाटलं. प्रतिद्रव्याबद्दल तर खुद्द सर्नवाल्यांनीच खुलासा केलाय: त्यांनी आजवर बनवलेलं सगळं एकत्र केलं तरी विजेचा एक दिवा काही मिनिटंच पेटेल. पाव ग्रॅम साठवायला कोट्यवधी वर्षं हवीत.

समास भरत चालले होते. पण हेही सांगायला हवं की नव्वदाव्या प्रकरणापुढे माझ्या प्रतीत पेन्सिलीची एकही खूण नाही. तेव्हा कार्डिनल मरत होते.

पुस्तकात काही शब्द असे रेखाटलेत की पान उलटं धरलं तरी तेच वाचता येतात. जॉन लँग्डन नावाच्या अक्षरकाराची ही करामत. नायकाचं आडनावही त्याच्याचवरून. लोकलमध्ये मी ते पडताळून पाहत होतो, तर शेजारचा तरुण हळूच म्हणाला, “काका, पुस्तक उलटं धरलंय तुम्ही.” मी सुलटं करून दाखवलं. शब्द तोच. दादरला गाडी थांबली तेव्हा तो घाईघाईने उतरला.

या पुस्तकाचा खरा दोष म्हणजे ते डोक्यात शिरतं. प्रकरणं 137 च का? 137 हा तर भौतिकशास्त्रज्ञांचा लाडका आकडा, अगदी मूलभूत स्थिरांकात येणारा! आणि सर्नचंच बघा: तिथल्या आवारात भारत सरकारने 2004 मध्ये दिलेली नटराजाची मूर्ती उभी आहे. तिच्यासमोर नरबळीचं सोंग केल्याची चित्रफीत 2016 मध्ये फिरली आणि संस्थेला चौकशी लावावी लागली. ब्राऊनची कादंबरी 2000 सालची. बिचाऱ्याचा नटराज थोडक्यात हुकला.

शेवटी लँग्डन उडत्या हेलिकॉप्टरमधून उडी मारतो, हातात पॅराशूटऐवजी काचेवर घालायचं कापड, आणि टायबर नदीत पडून जिवंत राहतो. पडायची जागाही अशी निवडतो की शेजारच्याच बेटावर इस्पितळ. मी मोठ्याने हसलो. हसताना पानही उलटलं.

तर निकाल असा: इतिहासात नापास, विज्ञानात नापास, भाषा काठावर. पण बर्निनीची चार कामं मला नकाशासकट पाठ झाली ती याच पुस्तकामुळे, कुठल्याही विद्वत्तापूर्ण ग्रंथामुळे नाही. तुम्हाला वाचायचं असेल तर जरूर वाचा. फक्त शनिवारी सकाळी सुरू करा. रविवारी रात्री हातात घेऊ नका.