सूचनाफलक पालकांकडे तोंड करून लावा

जून सुरू झाला की पालकांच्या मोबाइलवर शाळेच्या सूचना यायला लागतात. पांढरे बूट कोणत्या वारी, वह्या कोणत्या दुकानातून, फीचा दुसरा हप्ता कधी, उशीर झाला तर दंड किती. सगळं तारीखवार, चोख. त्या ग्रुपवर पालकांना मात्र काही लिहिता येत नाही. फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतात. शाळेला पालकांना सांगायचं आहे, पालकांचं ऐकायचं नाही, हे त्या एका सेटिंगवरून कळतं.

या सूचनांत काय येत नाही, ते बघा. खासगी शाळांच्या फीसाठी महाराष्ट्रात २०११चा कायदा आहे. वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा, चिठ्ठ्या टाकून त्याची कार्यकारी समिती निवडायची, सदस्यांची यादी सूचनाफलकावर लावायची, फीचा प्रस्ताव सहा महिने आधी समितीपुढे ठेवायचा, असं हा कायदा सांगतो. तुमच्या मुलाच्या इयत्तेतून समितीवर कोण आहे, माहीत आहे? चिठ्ठ्या कधी टाकल्या, कोणासमोर टाकल्या? अनेक शाळांत सोयीची चार नावं केबिनमध्येच ठरतात आणि वाढीव फीवर सह्या होऊन जातात. नंतरच्या दुरुस्तीनं तर फीवाढीविरुद्ध दाद मागायला किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. ज्यांच्याकडे एकमेकांचे नंबर नाहीत, ज्यांच्या ग्रुपला कुलूप आहे, त्यांनी एकत्र यायचं कसं? ही दुरुस्ती संस्थाचालकांच्या सोयीची आहे.

सरकारी आणि अनुदानित शाळांत वेगळं चित्र असायला हवं होतं. शिक्षणहक्क कायद्यानं तिथं शाळा व्यवस्थापन समिती दिली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. अनुदान कुठं खर्च झालं हे विचारायचा अधिकार या समितीला आहे. पण कितीतरी ठिकाणी शिपाई रजिस्टर घेऊन घरी येतो, बाई भाकरी थापता थापता सही करतात, आणि बैठक झाली असं मानलं जातं.

फीचं नुकसान निदान पैशात मोजता येतं. माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे.

ओळखीतला एक मुलगा. धडा वाचून दाखवला की उत्तरं तोंडी फाडफाड सांगायचा. लिहायला बसला की जोडाक्षरं गाळायचा, फळ्यावरून उतरवताना मधली ओळच सोडायचा, ५२ चे २५ करायचा. पहिलीपासून प्रगतिपुस्तकावर शेरा ठरलेला: ‘लक्ष देत नाही.’ नववीत नव्यानं आलेल्या एका बाईंनी आईला बोलावून घेतलं आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायला सांगितलं. तपासणीत तेच निघालं. आई मला म्हणाली, ‘‘हे आधी कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला एवढं मारलं नसतं हो.’’

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत, त्यांत अध्ययन अक्षमता आहे. बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ मिळतो, गरजेनुसार लेखनिक मिळतो. त्यासाठी अधिकृत केंद्राचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते एका फेरीत हातात पडत नाही. बुद्धिमत्तेची चाचणी, वाचन-लेखनाची चाचणी, डॉक्टरांची भेट, यात महिने जातात. दहावीच्या जानेवारीत कळून काय उपयोग? हे तिसरी-चौथीच्या पालकसभेत सांगायचं असतं. त्या सभेत आपण स्नेहसंमेलनाच्या ड्रेसचं भाडं ऐकून परत येतो.

मुलांच्या सुरक्षेचंही तेच. प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती हवी, हा शासननिर्णय २०२२चा. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघडकीला येईपर्यंत हे नाव किती आईबापांच्या कानावर गेलं होतं? कागदावरची समिती चार वर्षांच्या मुलीच्या कामाला येत नाही. तक्रार कुणाकडे करायची, हे तिच्या आईला आधी माहीत असावं लागतं.

शिक्षकांवर कामाचा भार किती असतो, याची मला जाणीव आहे. पण एका पानाची माहिती, समितीवर कोण, तक्रार कुणाकडे, मूल मागं पडलं तर मदत कोणती, ही प्रवेशाच्या दिवशी फीच्या पावतीबरोबर देता येते. खर्च एका झेरॉक्सचा.

पालकहो, येत्या सभेत ते पान मागा. तोंडी उत्तर मिळालं तर तेच लेखी मागा, अर्जाच्या पोच प्रतीवर शाळेचा शिक्का घ्या, आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या आईचा फोन नंबर घेतल्याशिवाय घरी येऊ नका.