ट्रॉलीच्या दारात पाय रोवणाऱ्या भावास

हिंगोली

भाऊ,

तुझं नाव मला माहीत नाही. तुझा पाय मात्र अजून डोळ्यासमोर आहे. सप्तशृंगी गडावर, खालच्या स्टेशनात, फ्युनिक्युलर ट्रॉलीचं दार लागायच्या वेळी तू तो दारात रोवलास, दोन्ही हात आडवे धरलेस आणि मागे तोंड करून ओरडलास, "या रे लवकर, मी धरलंय!" तुझे पाच मित्र लोखंडी कठड्यावरून उड्या मारत आले. दाराशी आलेल्या सात-आठ बायांना त्यांनी खांद्याने बाजूला सारलं आणि ते आत घुसले. त्या बायांत माझी आई होती. हे पत्र तुला त्यासाठी आहे.

आम्ही हिंगोली जिल्ह्यातले, वसमतकडचे. आदल्या रात्री क्रूझर करून निघालो. औंढा, जिंतूर, जालना, संभाजीनगर, येवला, मनमाड, चांदवड, वणी असं करत उजाडताना नांदुरीचा घाट लागला. मराठवाड्यातल्या बाईला देवीच्या साडेतीन पीठांचा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. माहूर तर आमच्या उशाशी. तुळजापूर लग्नानंतर झालं, कोल्हापूर नातू झाल्यावर. राहिलं होतं ते वणीच्या सप्तशृंगीचं अर्धं पीठ. "तेवढं अर्धं राहू देऊ नको गं," असं आई तीन वर्षं म्हणत होती.

तीन वर्षं थांबायचं कारण तिचे गुडघे. चाळीस वर्षं तिने हळदीच्या सरीत बसून खुरपलं, काढणीला कंद वेचले, शिजवणीच्या वेळी वाफेत उभी राहिली. आता गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या आहेत आणि डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या आहेत. गडावर ट्रॉली आहे हे शेजारणीकडून कळलं, तेव्हा तिने त्याच दिवशी ओटीची पिशवी काढली. खण, नारळ, तांदूळ आणि आमच्याच शेतातली पाच हळकुंडं. ती तिने पोत्यातून निवडून काढली होती, एकसारखी, न तुटलेली.

तुझ्या मित्राचा खांदा लागला आणि ती पिशवी हातातून सुटली. तांदूळ सांडले, हळकुंडं फरशीवर गडगडली. एक ट्रॉलीच्या दाराशी गेलं आणि तुझ्या पांढऱ्या बुटाखाली आलं. तू खाली पाहिलंससुद्धा नाहीस. खानदेशातून आलेल्या एका अनोळखी बाईने चार हळकुंडं वेचून आईच्या हातात दिली. पाचवं मीच उचललं. त्याचे दोन तुकडे झाले होते. आईने ते तुकडे पदराच्या टोकाला बांधले, कारण मोडलेलं हळकुंड ओटीत घालायचं नसतं.

तू आत उभा राहून मोबाइल वर धरला होतास. मित्रांना म्हणत होतास, "एकदम राइडवानी वाटतंय, परत एकदा मारू." आणि खरंच मारलीस. आम्ही वर पोचून दर्शनाच्या रांगेत लागलो तेव्हा तुम्ही खाली चालला होतात, आणि आम्ही दर्शन करून आलो तेव्हा पुन्हा वर येत होतात.

म्हणून तुला सांगते, ती राइड नाही. अशी गाडी खेळासाठीही असते. हाँगकाँगच्या ओशन पार्कमध्ये पाण्याकाठचा भाग आणि डोंगरमाथ्यावरचा पाळण्यांचा भाग २००९ पासून अशाच गाडीने जोडला आहे. ती डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून जाते आणि तिच्यात बसणारा माणूस मौज करायलाच आलेला असतो. सप्तशृंगी गडावरची ट्रॉली २०१८ मध्ये सुरू झाली ती त्यासाठी नाही. ज्याला देवीपर्यंत जायचं आहे आणि ज्याचे पाय नाही म्हणतात, त्याच्यासाठी ती आहे. तमिळनाडूत पळणीच्या मुरुगनाच्या डोंगरावर कित्येक दशकांपासून दोरीने ओढलेली अशीच गाडी चालते, तीही म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठीच. फ्रान्समधल्या लियाँ शहरात १८६२ मध्ये अशी गाडी सुरू झाली ती रेशीम विणकरांच्या टेकडीवर. दिवसभर राबलेल्या माणसाला चढ चढावा लागू नये, हा तिचा पहिल्यापासूनचा धर्म आहे.

आता ती चालते कशी ते ऐक. एका जाड तारेच्या दोन टोकांना दोन डबे बांधलेले असतात आणि तार वरच्या मोठ्या चाकावरून फिरते. एक डबा खाली येतो तेव्हाच दुसरा वर जातो. उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याला ओढायला मदत करतं, मोटरला फक्त उरलेला भार सोसावा लागतो. निम्म्या वाटेवर रूळ फाटतात, दोन्ही डबे एकमेकांना वाट देतात आणि पुन्हा एका रुळावर येतात. चढ तिरपा असला तरी आतली जमीन पायरी-पायरीची असते, म्हणून आत उभा असलेला माणूस सरळ उभा राहतो.

याचा अर्थ तुला कळला का? तू खालच्या डब्याचं दार धरलंस तेव्हा वरचा डबाही थांबला. एकाच तारेला दोघे बांधलेले आहेत, एक हलल्याशिवाय दुसरा हलत नाही. वर कोण खोळंबलं होतं, ते तुला खालून दिसत नव्हतं. आम्ही नंतरच्या फेरीने वर गेलो तेव्हा मला दिसलं. खाली जाणाऱ्यांच्या रांगेत भिंतीला टेकून एक आजोबा बसले होते, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. त्यांचा मुलगा पाण्याची रिकामी बाटली हातात धरून उभा होता. शेजारी एक बाळंतीण लेकराला पदराने वारा घालत होती. तुझ्या एका पायाने दोन्ही टोकांची माणसं अडवली. दाराशी उभा असलेला कर्मचारी पोरगा हात जोडत होता, शिटी वाजवत होता. तू त्याला म्हणालास, "तुला काय घाई आहे?" घाई त्याला नव्हती, भाऊ. घाई त्या आजोबांना होती.

गडावरच्या पायऱ्या कुणी बांधल्या हेही तुला सांगायला हवं. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांच्या पत्नी उमाबाई, माहेरच्या जवळच्याच अभोण्याच्या. १७१० च्या सुमारास त्यांनी इथे पावणेपाचशेच्या आसपास पायऱ्या बांधून घेतल्या, अशी नोंद आहे. त्याआधी माणसं कातळाला धरून चढत असतील. पुढे याच बाईंनी मराठ्यांच्या सेनापतिपदाचा कारभार सांभाळला. ज्या बाईच्या हाताखाली फौज होती, तिने आपल्या मागून येणाऱ्यांच्या पायाखाली दगड बसवले. ट्रॉली हा त्याच कामाचा पुढचा टप्पा आहे. ज्याच्याकडे बळ आहे त्याने दुसऱ्याची वाट सोपी करायची, ही या गडाची रीत आहे. तू तुझं बळ दुसऱ्याची वाट अडवायला वापरलंस.

तू म्हणशील, गर्दी होती, सगळेच घुसतात. नाही घुसत. मी त्या दिवशी तिथे दोन तास होते. नंदुरबारकडची एक मंडळी होती, वीसेक माणसं. त्यांतली तरणी पोरं आपणहून पायऱ्यांनी गेली आणि म्हाताऱ्यांना तेवढं ट्रॉलीत बसवलं. चैत्रात तर खानदेशातून लोक कित्येक दिवस पायी चालत या गडावर येतात, आणि कोजागरीला खांद्यावर कावडी घेऊन येतात. चालून आलेल्या माणसाला रांगेची किंमत कळते. तुला ती कळली नाही, कारण तू गाडीतून उतरून थेट दारात आलास.

आणखी एक गोष्ट सांगते, ती तुझ्यासाठी आहे तशीच आमच्यासाठीही आहे. तुझ्यामागे रांगेत पन्नास माणसं होती. पन्नास माणसांनी एका आवाजात "भाऊ, उतर" म्हटलं असतं, तर तू उतरला असतास. आम्ही म्हटलं नाही. देवाच्या दारात भांडण नको, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. पण दार अडवणाऱ्याला गप्प बसून वाट देणं ही भक्ती नव्हे. तो एक आजार आहे आणि तो आम्हा सगळ्यांना झालेला आहे. पुढच्या वेळी मी गप्प बसणार नाही. हे पत्र वाचणाऱ्यांनीही बसू नये.

आईचं दर्शन झालं. शेंदराचे जुने थर उतरवल्यावर २०२२ मध्ये समोर आलेलं देवीचं मूळ रूप तिने पाहिलं. अठरा हात मोजायचा प्रयत्न केला आणि बारापर्यंत येऊन हात जोडले. चारच हळकुंडांची ओटी भरली. खाली उतरल्यावर पदराची गाठ सोडून तिने ते दोन तुकडे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "लाव शेतात." वाळलेल्या हळकुंडाला कोंब फुटत नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी मी ते बांधावर पुरले.

तिने तुझ्याबद्दल एक शब्दही काढला नाही. म्हणून मी काढते आहे.

पुन्हा गडावर आलास तर पायऱ्यांनी चढ. तुझे पाय चांगले आहेत, ते मी पाहिलेत. उमाबाईंच्या पायऱ्या तुझ्यासारख्यांसाठीच आहेत. आणि ट्रॉलीनेच जायचं असेल तर रांगेत ये, गुडघे धरून उभ्या असलेल्या बाईच्या मागे उभा राहा, तिला आधी आत जाऊ दे आणि दार लागू दे. वर कुणीतरी उतरायची वाट बघत असतं.

तुझी,
वसमतकडची एक लेक